क्रेडिट युनियनमध्ये तक्रार कशी करावी?

वाचण्यापूर्वी: तुमच्या घरी कुणाचं क्रेडिट युनियनमध्ये खातं आहे का? आई-बाबांना विचारा. खात्यातले पैसे चुकून गेले, तर ते सगळ्यात आधी काय करतील?

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी काही जणांच्या हातात नुकतंच पहिलं डेबिट कार्ड आलं असेल. कार्डने पैसे देणं सोपं असतं. चुकून गेलेले पैसे परत मिळवणं मात्र शिकावं लागतं. फोन लावायचा, वाट बघत थांबायचं, मग अनोळखी माणसाला सगळं समजावून सांगायचं, याचा बऱ्याच जणांना कंटाळा येतो. "जाऊ दे, वीसच डॉलर तर गेले," असं म्हणून ते सोडून देतात. पण आपले पैसे मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते वेळेत आणि नीट मागायला हवेत.

ग्राहक नाही, सभासद

सनीव्हेलमध्ये स्टार वन क्रेडिट युनियनचं मुख्य कार्यालय आहे. १९५६ साली लॉकहीड कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी ही संस्था सुरू झाली. आज तिथे लॉकहीडशी काही संबंध नसलेल्या लोकांचीही खाती आहेत.

क्रेडिट युनियन म्हणजे काय, हे आजोबांना समजावायचं असेल तर एवढंच सांगा: "आपल्याकडच्या पतसंस्थेसारखं." महाराष्ट्रात गावोगावी सहकारी पतसंस्था आहेत. 'पत' म्हणजे व्यवहारातला विश्वास. हा माणूस घेतलेले पैसे परत करेल, अशी लोकांना खात्री असली की त्याची बाजारात पत आहे असं म्हणतात. 'क्रेडिट' या शब्दाच्या मुळाशीही विश्वासच आहे.

दोन्हीकडे खातं उघडणारा माणूस सभासद होतो, म्हणजे संस्थेचा एक छोटा मालक. संचालक मंडळ निवडताना प्रत्येकाला एकच मत असतं, मग खात्यात पाच डॉलर असोत की पाच लाख. एक मोठा फरक मात्र लक्षात ठेवा. इथे एनसीयूए या सरकारी संस्थेच्या विमा योजनेतल्या क्रेडिट युनियनमध्ये प्रत्येक सभासदाच्या अडीच लाख डॉलरपर्यंतच्या ठेवींना संरक्षण असतं. भारतात बँकांमधल्या ठेवींना सरकारी विमा असतो, पण पतसंस्थांमधल्या ठेवींना तो नसतो.

सभासद आहोत म्हणून फोनवरच्या माणसावर आवाज चढवायचा नसतो. चूक त्याने केलेली नसते. पण उत्तर मागण्याचा आपला हक्क पक्का असतो.

फोन करण्याआधी

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही जिमचं सदस्यत्व रद्द केलं, तरी डेबिट कार्डवरून ४० डॉलर गेले. अशा वेळी आधी जिमला विचारा. तिथे दाद लागली नाही, तर लगेच क्रेडिट युनियनला फोन करा. त्याआधी एका कागदावर एवढं लिहून काढा:

१. व्यवहाराची तारीख आणि नेमकी रक्कम.
२. स्टेटमेंटवर दिसणारं दुकानाचं किंवा कंपनीचं नाव.
३. ही चूक आहे असं तुम्हाला का वाटतं, ते एका वाक्यात.
४. पुरावा. इथे सदस्यत्व रद्द झाल्याची ईमेल.
५. तुम्हाला काय हवं आहे: पैसे परत, नवीन कार्ड, की दोन्ही?

पाचवा मुद्दा बरेच जण विसरतात. ते दहा मिनिटं तक्रार सांगतात, पण नेमकं काय हवं ते सांगतच नाहीत.

फोन नंबर कार्डच्या मागच्या बाजूला असतो. तोच लावा. इंटरनेटवर शोधलेला नंबर फसवणूक करणाऱ्यांचाही असू शकतो. आणि "मी तुमच्या क्रेडिट युनियनमधून बोलतोय, तुम्हाला आलेला कोड सांगा," असा फोन आला, तर कोड न सांगता फोन ठेवा. मग कार्डवरच्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा.

फोनवर काय बोलायचं?

संभाषण इंग्रजीत होईल, पण वाक्यं आधी मराठीत जुळवून बघा. साधारण असं:

"नमस्कार. माझ्या खात्यातून ३ मार्चला ४० डॉलर गेले आहेत. हा व्यवहार चुकीचा आहे. मला याची रीतसर तक्रार नोंदवायची आहे."

समोरची व्यक्ती प्रश्न विचारेल. जेवढं विचारलंय तेवढंच, खरं खरं सांगा. माहीत नसेल तर "बघून सांगते" म्हणा, अंदाजाने काहीतरी ठोकून देऊ नका. फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारून लिहून घ्या:

• तुमचं नाव काय?
• माझ्या तक्रारीचा क्रमांक काय?
• पुढे काय होईल, आणि मला उत्तर कधीपर्यंत मिळेल?

मी आयटीत काम करतो. आमच्याकडे रोज तक्रारी येतात आणि प्रत्येकीला एक क्रमांक मिळतो. क्रमांक असला की तक्रार एकाकडून दुसऱ्याकडे गेली तरी हरवत नाही. नुसत्या तोंडी बोलण्याचा मात्र दुसऱ्या दिवशी कुणालाच पत्ता नसतो. म्हणून फोननंतर त्याच दिवशी संस्थेच्या वेबसाइटवरून एक छोटा संदेश पाठवा: कधी बोललो, कुणाशी बोललो, काय ठरलं. कायद्याप्रमाणे फोनवरची तक्रारही चालते, पण संस्था दहा कामाच्या दिवसांत ती लेखी मागू शकते.

दिवस मोजायला शिका

अमेरिकेत डेबिट कार्ड आणि ऑनलाइन व्यवहारांसाठी १९७८ चा एक कायदा आहे. त्याचे नियम बँकांना लागू होतात तसेच क्रेडिट युनियनलाही. त्यातले हे आकडे पाठ करण्यासारखे आहेत:

• चुकीचा व्यवहार ज्या स्टेटमेंटमध्ये दिसतो, ते पाठवल्यापासून ६० दिवसांत तक्रार करायची. स्टेटमेंट ३१ मार्चला पाठवलं असेल, तर ३० मेपर्यंत.
• संस्थेने साधारणपणे १० कामाच्या दिवसांत चौकशी पूर्ण करायची. जास्त वेळ हवा असेल तर ती ४५ दिवस घेऊ शकते, पण मग सहसा तेवढे पैसे तात्पुरते तुमच्या खात्यात जमा करावे लागतात. खातं अगदी नवीन असेल किंवा कार्ड दुकानात वापरलेलं असेल, तर मुदत आणखी वाढू शकते.
• कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं, तर कळल्यापासून दोन कामाच्या दिवसांत सांगायचं. मग चोराने कितीही खर्च केला तरी तुमचं नुकसान ५० डॉलरपेक्षा जास्त होत नाही. उशीर केला तर ते ५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतं. ६० दिवस उलटून गेले, तर त्यानंतर चोरलेल्या पैशांना ही मर्यादाही राहत नाही.

म्हणूनच "शनिवारी निवांत बघू" हे वाक्य महाग पडतं. तात्पुरते जमा झालेले पैसेही लगेच खर्च करू नका. चौकशीत चूक सापडली नाही, तर संस्था ते परत घेते.

आणखी एक गोष्ट. तुम्ही स्वतः झेलसारख्या ॲपवरून कुणाला पैसे पाठवले आणि तो माणूस फसवा निघाला, तर हे संरक्षण सहसा मिळत नाही, कारण पैसे तुम्हीच पाठवलेले असतात. तरीही लगेच कळवा. कधीकधी पैसे थांबवता येतात.

उत्तर पटलं नाही तर?

पायरीपायरीने वर जा. आधी शाखेच्या व्यवस्थापकांशी बोला आणि निर्णय लेखी मागा. चौकशीत वापरलेल्या कागदपत्रांच्या प्रतीही तुम्हाला मागता येतात. तरी जमलं नाही, तर सरकारकडे जाता येतं. संस्थेच्या नावात 'फेडरल' शब्द असेल तर एनसीयूएकडे. कॅलिफोर्निया राज्याच्या परवान्यावर चालणारी संस्था असेल तर राज्याच्या डीएफपीआय या खात्याकडे. तिथे पहिला प्रश्न हाच येतो: तुम्ही आधी संस्थेला कळवलं होतं का? तेव्हा तुमचा तो कागद, क्रमांक आणि संदेश कामी येतात.

आजी-आजोबांना मदत

फोनवरचं भरभर इंग्रजी ऐकून घरातली मोठी माणसं कधीकधी बोलायचं टाळतात आणि मुदत निघून जाते. इथे तुमची दोन्ही भाषांची मदत होते. पण खातं आजीचं असेल तर तिलाच फोनवर असू द्या. "माझ्या नातवाशी बोला," अशी परवानगी तिने स्वतः द्यायला हवी. फोन स्पीकरवर ठेवा, प्रत्येक प्रश्न तिला मराठीत सांगा आणि तिचंच उत्तर इंग्रजीत सांगा. तिचा पिन मात्र विचारू नका. पुढच्या वेळी ती कदाचित म्हणेल, "तू नुसता शेजारी बस, मी बोलते."

शब्दार्थ

पत – व्यवहारातला विश्वास
सभासद – संस्थेचा सदस्य
ठेव – संस्थेत ठेवलेले पैसे
रीतसर – नियमाप्रमाणे
मुदत – ठरवून दिलेला वेळ
दाद लागणे – तक्रार ऐकली जाणे
कामी येणे – उपयोगी पडणे

स्वाध्याय

१. क्रेडिट युनियन आणि पतसंस्था यांच्यातलं एक साम्य आणि एक फरक लिहा.
२. स्टेटमेंट ३० एप्रिलला पाठवलं असेल, तर तक्रार कोणत्या तारखेपर्यंत करायची? मोजून सांगा.
३. 'पत' हा शब्द वापरून दोन वाक्यं तयार करा.
४. जोडीने करा: एकाने सभासद व्हायचं, दुसऱ्याने फोनवरचा कर्मचारी. खात्यातून एकच बिल दोनदा कापलं गेलं आहे. पाच मिनिटं मराठीत बोला. शेवटी सभासदाने तीन गोष्टी लिहून घेतल्या का, ते तपासा.
५. घरी आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या गावात पतसंस्था होती का? तिथे तक्रार कशी करत? पाच ओळी लिहा.