मूळ गायक कोण? भीमगीतांचा न मिटणारा वाद

जयंतीला एखादे जुने भीमगीत वाजले की वाद ठरलेला: हे मूळ कोणी गायले? नाशिक जिल्ह्यात तर उत्तर तयार असते, ‘वामनदादांचे गाणे!’ पण वामनदादांचे म्हणजे लिहिलेले की गायलेले?

सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेले महाकवी वामनदादा कर्डक लिहीत आणि स्वतः गातही. त्यांची गाणी इतर गायकांनीही गायली. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते, त्यामुळे कवी ओळखता येतो. गायकाचे नाव मात्र गाण्यात कुठेच नसते. ते फक्त रेकॉर्डच्या लेबलवर किंवा कॅसेटच्या कव्हरवर असते.

लेबलही कधी फसवते. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापले होते. ते मधुबालाच्या भूमिकेचे नाव. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आले.

कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गायकाला आपले नाव दिले जावे, असा हक्क मिळाला. पण ज्याचे नावच पुसले गेले, त्याला हा हक्क कसा मिळणार?

म्हणून घरातली जुनी कॅसेट यूट्यूबवर टाकताना कव्हरचा फोटोही टाका. कवी, गायक, संगीतकार, कंपनी आणि कॅसेटचा क्रमांक लिहा. शेवटचे कडवे कापू नका. चळवळ गावोगावी नेणाऱ्या आवाजांचे एवढे ऋण तरी आपण फेडू.