करवतीची चकती ताठ कशी राहते?

शाळेची घंटा आणि लाकडाच्या वखारीतील गोल करवत या दोन्ही मुळात धातूच्या सपाट चकत्या. घंटा टोला बसताच थरथरावी आणि बराच वेळ थरथरत राहावी अशी आपली अपेक्षा असते. करवतीने मात्र मुळीच थरथरू नये. पहिली अपेक्षा सहज पुरी होते, कारण थरथरणे हा चकतीचा स्वभावच आहे. दुसरीसाठी बरीच खटपट करावी लागते आणि त्या खटपटीत भौतिकशास्त्राची दोन-तीन प्रकरणे एकत्र येतात.

पेठ वडगाव हे आमच्या परिसरातले बाजाराचे गाव. भोवती उसाचे मळे आणि कोल्हापूरच्या बाजूला शिरोलीची औद्योगिक वसाहत. तिथल्या ओतकामाच्या कारखान्यांना साच्यांसाठी लाकडी नमुने लागतात, तयार माल भरायला खोकी लागतात. घरांची दारे-खिडक्या आहेतच. अशा गावात लाकूड कापणाऱ्या यंत्राचा आवाज विद्यार्थ्यांच्या कानावर रोज पडतो. करवत रिकामी फिरताना तिची बारीक शीळ ऐकू येते. फळी टेकवली की आवाज बदलून कर्कश होतो. ‘ध्वनी’ हे प्रकरण शिकवताना आपण स्वरकाटा आणतो, पण वखारीपर्यंत काही जात नाही.

आधी थोडे गणित करू. ६०० मिलिमीटर व्यासाची, ६० दात्यांची करवत मिनिटाला १००० फेऱ्या घेते असे धरा. तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वर येतो. लाकडावर सेकंदाला १००० दाते आदळतात. म्हणजे पात्याला सेकंदाला हजार टोले बसतात! १००० हर्ट्झचा हा स्वर आपल्या कानाला चांगलाच जाणवतो. वखारीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना पुढे कमी ऐकू येऊ लागते, त्याचे मूळ या टोल्यांत आहे.

मग पाते जाड का करू नये? जाडी दुप्पट केली तर ते वाकवायला आठपट जोर लागतो. पण करवत जेवढी जाड, तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. ३०० मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी ओंडक्यातून २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढायच्या आहेत. काप ५ मिलिमीटरचा असेल तर १२ फळ्या निघतात. तोच ३ मिलिमीटरचा असेल तर १३ निघतात. दर ओंडक्यामागे एक फळी भुशात गेली, तर महिन्याचा हिशोब वखारवाल्याला सांगावा लागत नाही. शिवाय ते लाकूड कुठल्या तरी झाडाचेच असते. पाते डगमगले की काप आणखी रुंद होतो आणि फळीवर लाटा उमटतात. त्या रंध्याने काढताना पुन्हा लाकूड जाते. म्हणून पाते पातळ हवे आणि तरीही ताठ हवे.

पातळ वस्तू ताठ करण्याचा जुना उपाय म्हणजे तिला ताण देणे. सैल तार लोंबते, पिळलेली तार खणखणते. मिरजेला तंबोरा जुळवणारा कारागीर खुंटी पिळतो तेव्हा तो हेच करत असतो. आपल्याकडच्या पारंपरिक हातकरवतीचे दाते ओढताना कापणारे असत. ओढताना पाते ताणले जाते, वाकत नाही, म्हणून ते पातळ असले तरी चालते. ओंडके चिरणारी पट्ट्याची करवतही दोन मोठ्या चाकांवर ताणूनच बसवतात. पण गोल चकतीचे काय? तिला टोकेच नाहीत. ती धरून ओढायची कुठून?

उत्तराकडे जाण्याआधी चकती थरथरते म्हणजे नक्की काय होते ते पाहू. हे वर्गात दाखवता येते. दीड-दोन मिलिमीटर जाडीची, वीत-सव्वा वीत व्यासाची पितळी किंवा पोलादी चकती मध्यभागी भोक पाडून लाकडी ठोकळ्यावर बोल्टने आडवी घट्ट बसवा. वर चाळलेली कोरडी वाळू पसरा. कडेला एका ठिकाणी बोट टेकवा आणि तिथून ४५ अंशांवर व्हायोलिनचा राळ लावलेला गज वरून खाली ओढा. वाळू नाचू लागते आणि चकतीच्या न हलणाऱ्या भागावर गोळा होऊन अधिकच्या चिन्हासारख्या दोन रेषा दाखवते. या निस्पंद रेषा. त्यांच्यामधले चार भाग आळीपाळीने वर-खाली होत असतात. बोट आणि गज यांत ३० अंश ठेवले तर तीन रेषा येतात आणि स्वर चढतो. (पहिल्याच प्रयत्नात जमले नाही तर गजाला दोष देऊ नये, हाताला वळण लागायला अर्धा तास जातो.) जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनी या आकृत्या १७८७ मध्ये प्रसिद्ध केल्या.

ही चकती स्थिर होती. करवत फिरते, आणि खरी गंमत तिथेच आहे. तारेवरची स्थिर तरंगाकृती म्हणजे विरुद्ध दिशांनी जाणारे दोन तरंग, हे आपण अकरावी-बारावीत शिकवतो. चकतीवरही तसेच असते. एक तरंग कडेभोवती उजवीकडून धावतो, दुसरा डावीकडून. दोन रेषांच्या आकृतीची वारंवारता ५० हर्ट्झ असेल, तर प्रत्येक तरंग सेकंदाला ५० भागिले २, म्हणजे २५ प्रदक्षिणा घालतो. आता चकतीच सेकंदाला २५ फेऱ्यांनी फिरवली तर? फेरीच्या उलट दिशेने धावणारा तरंग वखारीत उभ्या असलेल्या माणसाला जागच्या जागी थांबलेला दिसेल. जत्रेतल्या फिरत्या चक्रावर एखादा मुलगा उलट दिशेने तेवढ्याच वेगाने चालू लागला, तर बाहेरच्याला तो एकाच जागी पाय हलवताना दिसतो, तसेच हे.

लाकूडही थांबलेलेच असते. ते पात्याला बाजूने जो थोडासा दाब देते, तो आता तरंगाच्या त्याच फुगवट्यावर सतत पडत राहतो. झोक्याला योग्य क्षणी धक्का देत राहावे तसा हा अनुनाद आहे. फरक एवढाच की इथे धक्काही द्यावा लागत नाही, नुसते टेकून राहणे पुरते. पाते एका बाजूला वाकते आणि सरळ कापेनासे होते. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. आपल्या उदाहरणात तो मिनिटाला १५०० फेऱ्या आहे. प्रत्यक्षात अपकेंद्री बलामुळे फिरती चकती थोडी ताठ होते आणि आकडा जरा वर सरकतो. फिरत्या चकतीच्या कंपनांचे हे गणित लँब आणि साउथवेल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये मांडले. वाफेच्या टर्बाइनच्या चकत्या फुटत त्यामागेही हेच कारण असल्याचे अमेरिकेत कँपबेल यांनी १९२४ मध्ये दाखवले. करवत क्रांतिक वेगाच्या बरीच खाली, साधारण १५ टक्के तरी खाली चालवावी, असा संकेत आहे.

पण सकाळी सुरक्षित असलेला वेग दुपारी सुरक्षित राहतोच असे नाही, कारण पाते तापते. दाते आणि कड घर्षणाने गरम होतात, मध्यभाग मात्र जाड वॉशरांमध्ये आवळलेला आणि थंड असतो. पोलाद दर अंशाला लांबीच्या लाखात सुमारे १.२ भाग प्रसरण पावते. आपल्या करवतीचा परीघ १८८५ मिलिमीटर आहे. कड मध्यापेक्षा ३० अंशांनी गरम झाली, तर परिघाला सुमारे ०.७ मिलिमीटर जास्त जागा हवी. थंड मध्यभाग ती देत नाही. कड दाबली जाते, म्हणजे ताणाच्या नेमके उलट होते. वारंवारता उतरते आणि क्रांतिक वेगही उतरून चालू वेगाजवळ येतो. पाते डगमगते, म्हणून लाकडाला घासते. घासते म्हणून आणखी तापते. यातून फळी कारागिराच्या अंगावर उलटी फेकली जाऊ शकते. पाते तापले की जाणता कारागीर फळी मागे घेऊन ते काही वेळ रिकामे फिरवतो, ते थंड करण्यासाठीच. बोथट दाते हे तापण्याचे मोठे कारण. म्हणून कंपनावरचा सर्वांत स्वस्त उपाय कानस हाच आहे, असे आमचे मत आहे.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर. टोके नसलेल्या चकतीला ताण द्यायचा तर तिचा मधला पट्टा ठोकायचा! वॉशर आणि दाते यांच्यामधला गोल पट्टा ऐरणीवर ठेवून दोन्ही बाजूंनी हातोड्याने हलकेच ठोकतात. तिथले पोलाद किंचित पसरते आणि कडेला बाहेर रेटते. कड आधीच ताणलेली राहते. पुढे ती तापून वाढली की आधी हा साठवलेला ताण संपतो, दाबाची पाळी उशिरा येते. पाते उचलून त्यावर सरळ पट्टी धरली की पट्टी आणि पाते यांच्यामधून दिसणाऱ्या उजेडाच्या फटीवरून कारागीर ताण जोखतो. ठोकणे जास्त झाले तर पाते वाटीसारखे एका बाजूला पडते. ही विद्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिच्यामागची आकडेमोड १९६०च्या दशकापासून कॅलिफोर्निया विद्यापीठात मोट यांनी केली. आता कारखान्यात हातोड्याऐवजी दोन रुळांमध्ये दाबून पात्यावर गोल पट्टा उठवतात.

बाजारातल्या नव्या पात्याच्या कडेला आतपर्यंत गेलेल्या चिरा दिसतात. त्या कडेला प्रसरणाला जागा देतात. चिरेच्या टोकाचे गोल भोक ती पुढे फाटू नये म्हणून असते. काही पात्यांच्या अंगात लेसरने कोरलेल्या नागमोडी बारीक रेघा असतात व त्यांत राळेसारखा पदार्थ भरलेला असतो. वाजत्या घंटेला बोट लावले की ती गप्प होते, तेच काम हा पदार्थ करतो. दगड कापण्याच्या काही चकत्या तर दोन पत्र्यांमध्ये मऊ थर घालून केलेल्या असतात. काही पात्यांचे दाते मुद्दाम कमी-जास्त अंतरावर ठेवतात. मग टोले एका ठेक्यात पडत नाहीत आणि शीळ मोडते.

विद्यार्थ्यांना वखारीत नेलेत, तर यंत्र बंद असताना पात्याचा व्यास, दाते आणि जाडी मोजून घ्यावी. मोटरवरचा फेऱ्यांचा आकडा आणि दोन्ही पुल्यांचे व्यास टिपावेत. त्यांवरून पात्याच्या फेऱ्या आणि शिळेची वारंवारता आधी काढून ठेवता येते. यंत्र चालू झाल्यावर पात्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. कानांत कापसाचे बोळे पुरत नाहीत. कान झाकणारी साधने मिळाली नाहीत, तर सर्वांनी रस्त्याच्या पलीकडूनच ऐकावे. शीळ तिथपर्यंत पोहोचते.