मर्यादवेल

समुद्र आपली मर्यादा ओलांडीत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ही मर्यादा नेमकी कोठे असते, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. मराठी भाषेने त्याचे उत्तर एका वेलीच्या नावात नोंदवून ठेविले आहे. भरतीची खूण संपून कोरडी वाळू लागते, तेथपासून जमिनीकडे पसरत जाणारी, आपट्यासारख्या दुभंगलेल्या जाड पानांची आणि जांभळट गुलाबी फुलांची ही मर्यादवेल. गोमंतकाच्या निवांत किनाऱ्यांवर ती अजून दिसते. बागा-कळंगुट-कांदोळीच्या गर्दीत मात्र ती शोधावी लागते.

हिचे काम पाहण्यासारखे आहे. वाऱ्याबरोबर वाळू उडत येते, ती या वेलीच्या पानांशी अडते व तेथेच साचते. वाळूखाली गाडली गेली तरी वेल मरत नाही; पेऱ्यापेऱ्याला नवी मुळे फुटतात आणि ती पुन्हा वर येते. तिच्या जोडीला एक काटेरी गवत असते. दक्षिणेत त्याला रावणाच्या मिशा असे झोकदार नाव आहे, आणि त्याचे वाळलेले गोल तुरे वाऱ्यावर चेंडूसारखे घरंगळताना पाहिले म्हणजे मुलांना हसू आवरत नाही! या दोघांनी मिळून वर्षानुवर्षे रचलेली रास म्हणजेच वाळूची टेकडी.

ही टेकडी म्हणजे किनाऱ्याची कणगी होय. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा तिच्यातून वाळू ओढून नेतात. ती वाळू किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली बांधासारखी साचते व मोठ्या लाटा तेथेच फुटून त्यांचा जोर ओसरतो. पावसाळा सरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून घालतात. कणगी रिकामी होते आणि भरते. रापण ओढणाऱ्या आपल्या कोळी-खारव्यांना हा व्यवहार पुस्तकावाचून कळला होता. त्यांची होडी टेकडीच्या आडोशास ओढून ठेवलेली असे आणि घर त्याहूनही मागे, माडांत.

पर्यटनाची लाट १९७० नंतर वाढू लागली, तसा कणगीच मोडण्याचा उद्योग सुरू झाला. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे, आणि मध्ये तर वाळूचा ढिगारा! तो सपाट झाला. पुढे पाणी जवळ येऊ लागले म्हणजे दगडी भिंत बांधावयाची. मग लाट भिंतीवर आपटून परत फिरताना पायथ्याचीच वाळू घेऊन जाते. तामिळनाडूत २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट आली तेव्हा ज्या ठिकाणी उंच टेकड्या शाबूत होत्या, तेथे त्यांच्यामागील वस्ती पुष्कळशी बचावली.

कायदा नाही असे नव्हे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारे बांधकामापासून मुक्त ठेवावेत, असे श्रीमती इंदिरा गांधींनी १९८१ सालीच किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले होते. पुढे १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली. २०११ च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातले आणि २०१९ च्या अधिसूचनेतही त्या तेथेच आहेत. कागदावर टेकडी अगदी सुरक्षित आहे.

आम्हांस अधिक चिंता वाटते ती आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेची. प्लास्टिक उचलावे, बाटल्या उचलाव्यात, त्याबद्दल दुमत नाही. परंतु त्याच उत्साहात वेलही ‘रान’ म्हणून उपटली जाते. अंगण सारवावे तसा किनारा गुळगुळीत दिसावा, ही हौस घरची आहे. समुद्राकाठी तिचे काम नाही. किनाऱ्यावरील शॅकवाल्यांना एकजात दोष देण्यासही आम्ही तयार नाही. त्यांतील अनेक कुटुंबे याच गावांतील असून त्यांची चूल त्या हंगामावर पेटते. खुर्च्या टेकडीच्या पुढे मांडाव्यात, टेकडी खणून नव्हे, एवढेच त्यांना सांगणे.

रात्रीचे प्रखर दिवे ही मात्र निराळी बाब आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री वर येते, भरती पोहोचणार नाही अशा वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात, ती उजळ क्षितिजाच्या दिशेने धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते. दिवे लावले की ते उपाहारगृहाचे होते. मोरजीत एके काळी ही अंडी काढून नेली जात. १९९० नंतरच्या दशकात गावकरी आणि वन खाते यांनी मिळून त्यांवर पहारा सुरू केला.

वेल पुन्हा लावणे फारसे अवघड नाही. पावसाच्या तोंडावर हातभर लांबीचे तुकडे तोडून त्यांची दोन-तीन पेरी ओल्या वाळूत पुरावीत, आणि माणसांच्या व गाड्यांच्या वाटेवर नुसती एक दोरी बांधावी. खत नको, माळी नको. दोरी मात्र पुढल्या पावसाळ्यापर्यंत कोणी सोडता कामा नये.