औषधाला पक्ष नसतो

वर्धा-नागपूर मार्गावरील केळझर हे सेलू तालुक्यातील आमचे गाव. टेकडीवरील गणपतीच्या देवळामुळे ते विदर्भात सर्वपरिचित आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच आणि भीमाने बकासुराचा वध येथेच केला, अशी येथील लोकांची परंपरागत श्रद्धा आहे. बकासुराच्या कथेत रोज एका घराची पाळी येत असे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आमच्या पंचक्रोशीने तशाच पाळीचे भय अनुभवले. आज कोणाच्या घरी ताप, उद्या कोणाच्या घरी धाप, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

त्या दिवसांत दवाखान्यात आलेल्या एका शेतकऱ्याने, काढ्याची पुडी हातात घेण्यापूर्वी, आम्हाला विचारलेला प्रश्न अद्याप कानांत आहे. "डॉक्टरसाहेब, हे त्यायचं औषध हाय का आपल्यायचं?"

अनुपान कोणते, पथ्य काय, किती दिवस घ्यावे, असे प्रश्न आम्ही आजवर हजारो वेळा ऐकले होते. औषध कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न मात्र नवा होता. विशेष म्हणजे त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गृहस्थाने नेमका उलटा आग्रह धरला. त्यांना अमुकच कंपनीचा संच हवा होता आणि आम्ही "त्याची आवश्यकता नाही" असे म्हणताच, "म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच!" असे म्हणून ते उठून गेले. दोघेही आमचे जुने रुग्ण होते, दोघांच्याही वडिलांची नाडी आम्ही पाहिलेली होती. तरीही त्या क्षणी दोघांच्याही दृष्टीने आम्ही वैद्य उरलो नव्हतो. कोणत्या तरी एका गटाचे सभासद झालो होतो.

हे असे का झाले आणि त्यात आपल्या व्यवसायाचा वाटा किती, याचा विचार वैद्यबंधू आणि औषध-विक्रेते या दोघांनीही करावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

एका गोळीभोवतीचे राजकारण

२३ जून २०२० रोजी हरिद्वार येथे पतंजलीने 'कोरोनिल' बाजारात आणले आणि सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे होतात असा दावा केला. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबविण्यास आणि तपशील सादर करण्यास सांगितले. उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांनी, आपण केवळ प्रतिकारशक्ती, खोकला व ताप यांसाठी परवाना दिला होता, असे स्पष्ट केले. दाव्यामागील अभ्यास सुमारे शंभर रुग्णांचा होता आणि तेही सौम्य वा लक्षणरहित रुग्ण होते. असे रुग्ण बहुधा काही दिवसांत आपोआपच बरे होतात, हे चिकित्सक म्हणून आपणा सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा प्रश्न शास्त्रीय होता आणि त्याची चर्चाही शास्त्रीय भाषेतच व्हावयास हवी होती.

तसे झाले नाही. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच औषधाचा दुसरा समारंभ दिल्लीत झाला. त्यास तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन आणि नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी उपस्थित होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाचा उल्लेख त्या समारंभात झाला. त्यावर, कोविडवरील कोणत्याही पारंपरिक औषधाची तपासणी वा प्रमाणीकरण आपण केलेले नाही, असा खुलासा त्या संघटनेला करावा लागला. चारच दिवसांनी, २३ फेब्रुवारीस, महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी योग्य प्रमाणपत्राविना हे औषध राज्यात विकू दिले जाणार नाही असे जाहीर केले. देशमुख काटोलचे, गडकरी नागपूरचे. एका बाजूला केंद्रातील सत्ताधारी, दुसऱ्या बाजूला राज्यातील सत्ताधारी. आमच्या परिसरातील लोकांनी त्या औषधातील अश्वगंधा, गुळवेल आणि तुळस यांचा विचार केलाच नाही. त्यांनी फक्त व्यासपीठ पाहिले आणि आपापली बाजू निवडली.

हा दोष एकाच बाजूचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २ जानेवारी २०२१ रोजी समाजवादी पक्षाचे अखिलेश यादव यांनी, आपण भाजपची लस घेणार नाही, असे जाहीर केले होते. पुढे जून महिन्यात त्यांनी ती भूमिका बदलली. प्रयोगशाळेत तयार झालेल्या लसीलाही पक्षाचे नाव चिकटू शकते, याचे हे उदाहरण. अमेरिकेसारख्या प्रगत देशातही मुखपट्टी लावावी की नाही, लस घ्यावी की नाही, हे पुष्कळ लोकांनी पक्षनिष्ठेवरून ठरविले. रोग काढ्याचा असो वा लसीचा, त्याचे निदान एकच: तज्ज्ञ काय म्हणतो यापेक्षा तो कोणाच्या शेजारी उभा आहे, हे महत्त्वाचे झाले.

पुण्यातील प्लेगचा धडा

हा रोग नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. म्हणजे निदान करणारा होता आणि उपायाचा शोधही चालू होता. परंतु पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले, स्वयंपाकघरे व देवघरे तुडविली गेली, रुग्णांना बळाने हलविण्यात आले. परिणामी रुग्ण लपविले जाऊ लागले. विलगीकरण हा उपाय मुळात चुकीचा नव्हता. पण तो परकीय सत्तेच्या बुटांसह घरात आला आणि म्हणून लोकांनी उपायालाच शत्रू मानले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या, हा इतिहास सर्वज्ञात आहे.

त्याच पुण्यात, त्याच साथीत, दुसरेही एक दृश्य होते. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी शहराबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रुग्णाला घरापासून दूर नेणे हेच कार्य दोन्हीकडे होते. एका ठिकाणी ते हुकमाने झाले, दुसऱ्या ठिकाणी पाठीवरून. सल्ला देणारा स्वतः किती धोका पत्करतो, हे लोक बारकाईने पाहतात. विश्वास तेथून उत्पन्न होतो.

आप्त कोणास म्हणावे?

आपल्या शास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. आप्तोपदेश हे आपण प्रमाण मानतो. परंतु आप्त कोण? चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्ताचे लक्षण सांगताना पदवी, कुल वा लोकप्रियता यांचा निकष लावलेला नाही. तप आणि ज्ञान यांच्या बळावर जे रज व तम यांपासून मुक्त झाले, ते आप्त. रज म्हणजे आसक्ती, आवेश, आपल्या बाजूचा अभिनिवेश. तम म्हणजे अज्ञान. ज्याला आपला गट जिंकावा असे वाटते, त्याचे वचन त्या विषयापुरते तरी आप्तवचन राहत नाही, मग त्याचे ज्ञान कितीही असो.

विमानस्थानात चरकांनी संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत. संधाय संभाषा ही जिज्ञासूंची, परस्परांस शिकविणारी. विगृह्य संभाषा ही प्रतिपक्षास हरविण्याकरिता. आजची दूरचित्रवाणीवरील व भ्रमणध्वनीवरील चर्चा बहुतांशी दुसऱ्या प्रकारची असते. खेदाची गोष्ट अशी की आपल्या व्यावसायिक संघटनांमध्येही तिनेच ठाण मांडले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रक्रियांची सूची प्रसिद्ध केली आणि ११ डिसेंबर २०२० रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याविरुद्ध देशव्यापी बंद पाळला. त्या काळात आम्ही स्वतः किती संदेश पुढे पाठविले याचे स्मरण झाले की संकोच वाटतो. प्रशिक्षण कोठे, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे मूळ प्रश्न बाजूला राहिले. आम्हीही तेव्हा वैद्य कमी आणि गटाचे शिपाई अधिक होतो.

गुळवेल आणि आमचे मौन

या अभिनिवेशाची किंमत काय असते, हे आम्हाला एका रुग्णाने शिकविले. २०२१ च्या पावसाळ्यात पन्नाशीचे एक मधुमेही गृहस्थ दवाखान्यात आले. भूक मंदावलेली, मळमळ, अंगात शीण. शेताच्या धुऱ्यावरील वेल गुळवेल समजून ते कित्येक महिने रोज तिचा काढा घेत होते. काही काळापूर्वीच मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने त्यास उत्तर देऊन, त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती काय, की तिच्या जातीची दुसरी वेल, असा प्रश्न उपस्थित केला होता.

हा आक्षेप रास्त होता. परंतु आम्ही त्याचा उपयोग चुकीच्या कामी केला. "अमृता म्हणून गौरविलेल्या वनस्पतीची ही बदनामी आहे" असे आम्ही दवाखान्यात चार लोकांसमोर म्हणालो. त्यामुळे या रुग्णास "काढा बंद करा" असे सांगताना आमची जीभ अडखळली. बंद करा म्हटले तर आपण त्यांच्या बाजूला गेलो असे होईल, अशी ती भीती. आम्ही मात्रा कमी करण्यास सांगितले आणि आठ दिवसांनी बोलाविले. आठ दिवसांनी त्यांचे डोळे पिवळे झाले होते.

तेव्हा मात्र आम्ही काढा थांबविला, त्यांनी आणलेला वेलीचा तुकडा कागदात बांधून सोबत दिला आणि सविस्तर पत्रासह त्यांना सेवाग्रामच्या रुग्णालयात पाठविले. काही आठवड्यांत ते बरे झाले. काविळीचे कारण ती वेलच होती असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्यांच्या शरीरात अन्यही कारणे होती. परंतु ते आठ दिवस आम्ही रुग्णाचे नव्हे, गटाचे हित पाहत होतो, हे मात्र निश्चित म्हणू शकतो. प्राणाभिसर व रोगाभिसर वैद्यांतील भेद आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो. त्या आठ दिवसांत आम्ही कोणत्या बाजूला होतो, याचे उत्तर देण्यास संहिता उघडण्याची गरज नव्हती.

आपल्या हाती काय आहे?

राजकारण सुधारणे आपल्या हाती नाही. न्यायालये आपले काम करतात. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या २०२२ मधील याचिकेवरील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची गंभीर दखल घेतली आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीस वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. काहींना तो आयुर्वेदाचा पराभव वाटला, काहींना विजयोत्सव करावासा वाटला. आमच्या मते तो आयुर्वेदाच्या बाजूने किंवा विरुद्ध लागलेला निकालच नव्हे. असाध्य रोगाची चिकित्सा करू पाहणाऱ्या वैद्याचे यश व विद्या नष्ट होते, हे चरकाचार्यांनी साध्यासाध्य विचारात सांगूनच ठेवले आहे.

आपल्या हाती आहे तो आपला दवाखाना आणि आपले दुकान. तेथे काही साधे नियम आम्ही स्वतःपुरते घालून घेतले आहेत. कोणत्याही नेत्याचे छायाचित्र वा पक्षाचे चिन्ह दवाखान्यात लावावयाचे नाही. औषधाबद्दल विचारल्यास ते कोणत्या अवस्थेत उपयोगी, कोणत्या अवस्थेत नाही, आणि पुरावा किती, एवढेच सांगावयाचे. घरी आणलेली वनस्पती स्वतः पाहिल्याखेरीज तिच्या सेवनास संमती द्यावयाची नाही. आपल्याच औषधाने त्रास झाल्याचा संशय आला तर तो लपवावयाचा नाही. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१८ पासून कार्यरत आहे, तिच्याकडे कळवावयाचे. आणि रुग्ण आपल्या आवाक्याबाहेरचा असेल तर पत्र देऊन वेळीच पाठवावयाचे.

औषध-विक्रेते बंधूंना विशेष विनंती अशी की, कित्येक रुग्णांचा पहिला वैद्य आपणच असता. मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग मुळापासून बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने निषिद्ध आहे, हे आपण जाणता. असा फलक दर्शनी भागातून उतरविल्याने चार गिऱ्हाइके कदाचित जातील. पण जी राहतील ती आपल्या शब्दावर राहतील.

ते मधुमेही गृहस्थ अजूनही दवाखान्यात येतात. त्यांची राजकीय मते आमच्याहून वेगळी आहेत आणि निवडणुकीच्या दिवसांत ते आमच्याशी कडाडून वाद घालतात. मध्यंतरी त्यांच्या धाकट्या भावाने कोणीतरी दिलेले चूर्ण आणले, तेव्हा ते त्याला म्हणाले, "आधी डॉक्टरसाहेबाले दाखव. नाही म्हणाले तं घेऊ नको." आमच्या "नाही" वर त्यांचा जो विश्वास आहे, त्याहून मोठे प्रमाणपत्र आम्हास ठाऊक नाही. तो आम्ही उशिरा मिळविला. आपणांपैकी कोणास तसा उशीर होऊ नये, एवढीच अपेक्षा.