खुब्यातला सिरॅमिकचा गोळा

२०१२ साली जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठाच्या रुग्णालयात ५५ वर्षांचा एक रुग्ण आला. हृदय निकामी होत चाललेलं, दृष्टी जवळपास गेलेली, ऐकू येईनासं झालेलं, ताप का येतो ते कळत नव्हतं. कारण निघालं खुब्यात. त्याचा सिरॅमिकचा कृत्रिम सांधा तुटल्यावर २०१० मध्ये तिथे धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवली होती. मागे राहिलेल्या सिरॅमिकच्या कणांनी तो गोळा घासला गेला आणि धातूतलं कोबाल्ट रक्तात उतरलं.

सिरॅमिक वापरायचं मुळात कशाला? १९६२ मध्ये इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी पोलादी गोळा आणि पॉलिथिलिनची वाटी ही जोडी रूढ केली. लाखो लोक त्यामुळे पुन्हा चालू लागले. पण वर्षानुवर्षं झिजणाऱ्या प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण गिळताना शरीरातल्या भक्षक पेशी चवताळतात, भोवतालचं हाड विरघळू लागतं आणि सांधा सैल होतो. फ्रान्सच्या पिअर बुतँ यांनी १९७० मध्ये अॅल्युमिनाचा गोळा अॅल्युमिनाच्याच वाटीत बसवला. हे सिरॅमिक अतिशय कठीण आणि गुळगुळीत, त्यामुळे झीज नगण्य.

पण ते ठिसूळही असतं. २००१ मध्ये झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकचे काही गोळे तुटू लागल्याने बाजारातून परत घ्यावे लागले. भट्टी बदलल्याने त्यांच्या घडणीत दोष शिरला होता. आज अॅल्युमिनात झिर्कोनिया मिसळून केलेलं संमिश्र वापरतात. त्याचा गोळा तुटणं दहा हजारांत एखाद्याच्याच वाट्याला येतं. वाटीच्या आतलं सिरॅमिकचं अस्तर तुटण्याचं प्रमाण मात्र त्याहून जास्त आहे.

दुसरी तक्रार आवाजाची. काहींचा सांधा चालताना बिजागरीसारखा करकरतो. वाटी तिरकी बसली तर भार कडेवर येतो, वंगणाचा थर तुटतो. म्हणूनच साहित्याइतकाच सर्जनचा हातही महत्त्वाचा. जंतुसंसर्ग किंवा सांधा निखळणं हे धोके सिरॅमिकमुळे संपत नाहीत.

आपल्याकडे स्टेरॉइड किंवा दारूमुळे रक्तपुरवठा तुटून तिशी-चाळिशीतच खुबा निकामी झालेले रुग्ण बरेच दिसतात. त्यांना अनेक दशकं टिकणारा सांधा हवा. सिरॅमिकचा गोळा आणि सुधारित, कमी झिजणारं पॉलिथिलिन ही जोडीही आज उत्तम चालते. सर्वांत महागडा सांधा तोच सर्वांत योग्य, असं नाही.

मारबुर्गच्या रुग्णाला पुन्हा सिरॅमिकचा सांधा बसवल्यावर रक्तातलं कोबाल्ट कमी झालं, हृदय बरंच सावरलं. दृष्टी आणि श्रवण मात्र फारसे परतले नाहीत. सिरॅमिक तुटलं तर तुकडे आणि सांध्याभोवतालचं शरीराचं पातळ आवरण काढून नवा गोळा सिरॅमिकचाच घालावा, धातूचा नको. त्यासाठी पुढच्या सर्जनला आत काय आहे ते कळलं पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर सांध्याची कंपनी, आकार आणि बॅच क्रमांक असलेलं स्टिकर मागून घ्या आणि आयुष्यभर जपा.