सुई टोचली डॉक्टरला, चाचणी कोणाची?

दाढ काढायची म्हटली की काही दवाखान्यांत रक्तातील साखरेबरोबर एचआयव्हीचाही रिपोर्ट आणायला सांगतात. पण वापरलेल्या सुईला टोपण परत बसवताना ती डॉक्टरच्या किंवा मदतनीसाच्याच बोटात शिरली तर? बोट नळाखाली धरायचे, नवे हातमोजे चढवायचे आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचे! स्वतःची चाचणी राहूनच जाते.

पेशंटच्या रिपोर्टवर विसंबणे तसेही फसवे. संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे हातमोजे, मास्क, चष्मा आणि ऑटोक्लेव्हमधली उपकरणे प्रत्येक पेशंटसाठी हवीतच. शिवाय सप्टेंबर २०१८पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार उपचारांसाठी या चाचणीची अट घालणे हा भेदभाव ठरतो.

बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बी होण्याचा धोका ६ ते ३० टक्के. तरी धास्ती असते ती एचआयव्हीचीच.

टोचल्यावर महत्त्वाचे असते ते घड्याळ. जखम साबण-पाण्याने धुवावी. पिळू नये, बोट तोंडात घालू नये. प्रतिबंधक औषधे शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. सुरुवातीलाच स्वतःच्या रक्ताची चाचणी करायची, पण पहिला डोस रिपोर्टसाठी अडवायचा नाही. पुढे सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत ही चाचणी मोफत होते आणि निकाल गोपनीय ठेवला जातो.

तरीही पाय अडखळतो. तालुक्याच्या गावात केंद्रातला कर्मचारी ओळखीचा निघतो. उद्या बभ्रा झाला तर दवाखाना ओस पडेल, ही भीती. अमेरिकेत १९९०मध्ये फ्लोरिडातील एका दंतवैद्याकडून रुग्णांना संसर्ग झाल्याचे उघड झाले आणि या भीतीला जगभर खतपाणी मिळाले. तेव्हा आजच्यासारखे प्रभावी उपचार नव्हते. आता नियमित औषधांनी रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाहीत इतके कमी होतात. त्यामुळेच ब्रिटनने २०१४मध्ये बंदी उठवली. औषधे चालू असलेले, विषाणू आटोक्यात असलेले दंतवैद्य तिथे नियमित तपासणीच्या अटीवर दाढाही काढतात.