मोजणीत न सापडणारी बेकारी

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे उभे राहिले. पण १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा हक्क मान्यताप्राप्त संघटना म्हणून एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा होता. मालकांनी संपाच्या काळातच भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घ्यायला सुरुवात केली. संप विरला, तेव्हा लाखाच्या घरात माणसांची नोकरी कायमची गेली होती.

एवढे लोक बेकार म्हणून नोंदले तरी कुठे गेले? बरेचसे रत्नागिरी-सिंधुदुर्गात, साताऱ्यात गावी परतले. शहर सोडलेला माणूस शहराच्या बेकारीत धरत नाहीत. मागे राहिले त्यांतल्या कोणी भाजीची गाडी लावली, कोणी इमारतीच्या दारात वॉचमन म्हणून उभा राहिला, तर कोणी भिवंडीत तेच विणकाम कमी मजुरीत केलं. घरच्या बायका पोळ्या लाटून, धुणीभांडी करून संसार ओढत राहिल्या. मोजणाऱ्याच्या लेखी या सगळ्यांना काम होतं.

मुंबईची बेकारी समजून घ्यायची तर इथे थांबायला हवं. २०१७-१८पासून देशात नियतकालिक श्रमबल पाहणी होते. तिच्या साप्ताहिक मोजणीत आठवड्यातल्या एखाद्या दिवशी तासभर काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे, तिच्यात लबाडी नाही. पण जिथे खोलीचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, तिथे गरिबाला पूर्ण बेकार राहणं परवडतच नाही. मनासारख्या नोकरीची वाट पाहत बसणं ज्याच्या घरात दुसरा मिळवता आहे, त्यालाच जमतं. म्हणून बेकारीच्या दरात पदवीधर तरुण ठळक दिसतो आणि नोकरी गेलेला पन्नाशीचा विणकर दिसत नाही.

गिरणगावात, म्हणजे गिरण्यांच्या वस्तीत, ही न दिसणारी बेकारी संपाच्या आधीही होती. बदली कामगार पाळीच्या आधी गिरणीच्या दरवाजाशी येऊन उभा राहायचा. कायम कामगार गैरहजर असला तर साच्यावर, म्हणजे मागावर, जागा मिळायची, नाहीतर घरी. वर्षानुवर्षं बदलीतच राहिलेले हजारो कामगार संपात होते, आणि त्यांच्या चिकाटीचं एक कारण हेच होतं, असं मला वाटतं. महिन्यातले निम्मे दिवस रिकाम्या हाताने परतणाऱ्याला हरवण्यासारखं थोडंच उरलं होतं.

त्याहून जुनी आणि जवळपास विसरलेली बेकारी बायकांची. १९३०च्या सुमारास गिरण्यांतल्या दर पाच कामगारांमागे एक बाई होती. रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रं, पुरुषांना आधी कामावर ठेवण्याचा आग्रह, अशा कारणांनी त्यांची संख्या घटत गेली आणि संपाच्या वेळेपर्यंत ती नगण्य झाली.  घरी बसलेली बाई काम शोधते आहे असं कोणी धरलं नाही, म्हणून ती बेकारांत आली नाही.

गिरण्या बंद पडत गेल्यावर त्यांच्या जमिनीचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१च्या बदलाने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. लोअर परळच्या फिनिक्स, कमला या गिरण्यांच्या आवारात मॉल, कार्यालयं, हॉटेलं उभी राहिली. तिथे नोकऱ्या आल्या, हे नाकारता येत नाही. पण सुरक्षारक्षक, सफाई कामगार, सामान पोचवणारी मुलं यांतले बहुतेक कंत्राटावर किंवा अॅपच्या भरवशावर असतात. ऑर्डर येण्याची वाट पाहत मोटारसायकलवर बसलेला मुलगा आणि पाळीच्या वेळी दरवाजाशी थांबलेला बदली यांत मला फारसा फरक दिसत नाही. फरक असलाच तर एवढा, की बदलीला कधीतरी कायम होण्याची आशा होती.

त्या मुलाचे तास आणि कमाई या दोन्ही गोष्टी श्रमबल पाहणीतच विचारल्या जातात. महापालिकेच्या अर्थसंकल्पात किंवा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बेकारीच्या दराशेजारी तेही आकडे छापले जावेत, एवढी मागणी मुंबईकरांनी लावून धरायला हवी.